हिब्रू क्रियापदांची नावे आणि त्यांच्या स्पेलिंगचा इतिहास

हिब्रू बायबलमधली क्रियापदे बहुतांशी तीन व्यंजनांच्या धातूंवर उभी असतात आणि मुख्यतः सात घडणींत चालतात. अशा घडणीला हिब्रूत ‘बिन्यान’, म्हणजे इमारत, म्हणतात. श-ब-र या धातूपासून ‘शावर’ म्हणजे त्याने मोडले, ‘निश्बर’ म्हणजे ते मोडले गेले आणि ‘शिब्बेर’ म्हणजे त्याने तुकडे तुकडे केले. व्यंजने तीच राहतात. स्वर, उपसर्ग आणि मधल्या व्यंजनाचे द्वित्व यांनी क्रियेचा प्रकार बदलतो. मराठीत तुटणे-तोडणे, मरणे-मारणे अशा मोजक्या जोड्यांत स्वरबदलाने जे काम होते, ते हिब्रूत सगळ्या क्रियापदव्यवस्थेचा कणा आहे. या सात बिन्यानांची नावे कल, निफअल, पिएल, पुअल, हितपएल, हिफइल आणि होफअल अशी आहेत.

रोमन लिपीत ही नावे लिहिताना मात्र एकमत नाही. ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांच्या १९०६ सालच्या कोशात निफअलचा संक्षेप पी-एच या जोडाक्षराने होतो. क्योलर आणि बाउमगार्टनर यांच्या विसाव्या शतकातल्या कोशात तोच एफने होतो. पहिला बिन्यान एका पुस्तकात क्यूने सुरू होतो, जुन्या पुस्तकात केने, आणि इस्रायली पाठ्यपुस्तकात त्याला ‘पाअल’ हे निराळेच नाव असते. पिएलमध्ये कुठे अपॉस्ट्रॉफी दिसते, कुठे दिसत नाही. हितपएलमधला टी कधी एकटा असतो, कधी त्याच्यामागे एच असतो. नवशिक्याला वाटते की यातले काहीतरी चुकीचे असणार. प्रत्यक्षात ही रूपे वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या भाषांतून तयार झाली आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचे कारण आहे.

मुळात ही नावे हिब्रू व्याकरणाने अरबी व्याकरणाच्या धर्तीवर बेतली. इजिप्तमध्ये जन्मलेले आणि पुढे बाबिलोनियातल्या सूरा येथील विद्यापीठाचे प्रमुख झालेले सादिया गाओन (८८२-९४२) यांनी हिब्रू व्याकरणावर लिहिले ते अरबीत. हिब्रू धातू सर्वत्र त्रिव्यंजनी असतो ही गोष्ट फेझ येथे जन्मलेल्या आणि कोर्दोबात काम केलेल्या यहूदा हय्यूज यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केली, तीही अरबीत. त्यांच्या आधी मनाहेम बेन सारूक यांच्यासारखे कोशकार एक-दोन व्यंजनांचेही धातू मानत, आणि त्यामुळे दुर्बल क्रियापदांची रूपे उलगडत नसत. हय्यूज यांचे काम योना इब्न जनाह यांनी पुढे नेले. अरबी वैयाकरण कोणतेही रूप दाखवण्यासाठी फ-अ-ल, म्हणजे ‘करणे’, हा धातू नमुन्याला घेत. हिब्रूतही त्याच अर्थाचा सगोत्र धातू प-अ-ल होता, म्हणून हिब्रू वैयाकरणांनी तो उचलला. हा अरबी धातू मराठीलाही अगदी अनोळखी नाही. फारसीमार्गे आलेल्या ‘बदफैली’ या शब्दात तो आहे.

संस्कृत वैयाकरणांनी गणांना त्यांतल्या पहिल्या धातूवरून भ्वादि, अदादि, चुरादि अशी नावे दिली. हिब्रूत वेगळी युक्ती आहे. तिथे प-अ-ल हा एकच धातू त्या त्या बिन्यानाच्या साच्यात ओतला जातो आणि भूतकाळी, तृतीय पुरुषी, पुल्लिंगी एकवचनाचे जे रूप निघते तेच त्या बिन्यानाचे नाव होते. म्हणजे ‘निफअल’ हे नाव एखाद्या कल्पनेचे वर्णन करत नाही. ते स्वतःच निफअलचे एक रूप आहे. म्हणून हे नाव लिहिताना त्या हिब्रू रूपाचाच उच्चार लिहावा लागतो, आणि हिब्रू उच्चारांबद्दलचे सगळे जुने वाद सात छोट्या शब्दांत येऊन बसतात.

पहिला वाद ‘प’चा. तिबेरियास येथील मसोरा परंपरेच्या पंडितांनी साधारण आठव्या ते दहाव्या शतकात बायबलच्या पाठाला स्वरचिन्हे दिली. त्यांच्या वाचनात ब, ग, द, क, प, त या सहा व्यंजनांचे दोन उच्चार होते: शब्दारंभी किंवा बंद अवयवानंतर कठोर, आणि स्वरानंतर मृदू. कठोर उच्चार दाखवायला अक्षरात एक टिंब देत, त्याला दागेश म्हणतात. पिएल आणि पुअल या नावांत धातूतला प शब्दाच्या सुरुवातीला येतो, म्हणून तो कठोर राहतो. निफअल, हिफइल आणि होफअल यांत तो स्वरानंतर येतो, म्हणून मृदू होऊन ‘फ’ होतो, इंग्रजीतल्या एफसारखा. हितपएलमध्ये गंमत अशी की त हा स्वरानंतर येऊन मृदू होतो, आणि त्या तने अवयव बंद केल्यामुळे पुढचा प पुन्हा कठोर होतो. एकाच धातूचे एकच व्यंजन काही नावांत प आणि काही नावांत फ का, याचे उत्तर एवढेच आहे. ज्याला हे कळले त्याला दागेशचा अर्धा धडा या सात नावांतच मिळाला.

मृदू प आणि मृदू त रोमन लिपीत कसे लिहायचे हे ठरले फार पूर्वी. ग्रीक भाषेतल्या फी आणि थीटा या अक्षरांसाठी लॅटिनमध्ये पी-एच आणि टी-एच ही जोडाक्षरे रूढ होती, आणि बायबलमधली नावे ग्रीकमधून लॅटिनमध्ये आली ती याच वेषात. योसेफ पी-एचने आणि बेथलेहेम टी-एचने लिहिले जाते ते त्यामुळेच. सोळाव्या शतकात ख्रिस्ती विद्वानांनी हिब्रूची व्याकरणे लॅटिनमध्ये लिहिली तेव्हा निफअल आणि हितपएल या नावांना तोच नियम लागला.

या विद्वानांत पहिला मान कॉन्राड पेलिकन यांचा; त्यांचे छोटे पुस्तक १५०४ साली स्ट्रासबुर्ग येथे निघाले. दोन वर्षांनी योहानेस रॉयख्लिन यांचा ‘दे रुदिमेंतिस हेब्राइकिस’ हा मोठा ग्रंथ फोर्त्सहाइमला छापला गेला. लॅटिन मजकूर असूनही तो हिब्रू पुस्तकाप्रमाणे उजवीकडून डावीकडे उघडायचा. रॉयख्लिन यांचा मुख्य आधार होता दाविद किम्ही (सुमारे ११६०-१२३५) यांचा ‘मिख्लोल’ हा ग्रंथ. किम्ही घराणे स्पेनमधून प्रोव्हान्समध्ये आले होते, आणि अंदलुसियातले अरबी भाषेतले व्याकरणज्ञान हिब्रूतून युरोपभर पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा. त्यानंतर एलियास लेविटा (१४६९-१५४९) यांनी रोममध्ये कार्डिनल एजिदिओ यांच्या घरी राहून हिब्रू शिकवले आणि १५१८ साली ‘सेफेर हा-बाहूर’ हे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचे लेखन बाझेलच्या सेबास्टियन म्युन्स्टर यांनी लॅटिनमध्ये आणले. अरबीतून हिब्रू, हिब्रूतून लॅटिन असा हा प्रवास झाला. लॅटिनमध्ये बिन्यानांना ‘कॉन्जुगातिओ’ म्हणण्याची पद्धत पडली, ती इंग्रजी पुस्तकांत कॉन्जुगेशन म्हणून आली. ती नेमकी नव्हती, कारण लॅटिनमध्ये एक क्रियापद एकाच कॉन्जुगेशनमध्ये असते आणि हिब्रूत एकच धातू अनेक बिन्यानांत चालू शकतो. आजची पुस्तके म्हणूनच ‘स्टेम’ हा शब्द पसंत करतात.

प-अ-ल या धातूची निवड मात्र मुळातच गैरसोयीची होती. अरबीत तिचा काही त्रास नाही. हिब्रूत या धातूचे मधले व्यंजन आयिन हे कंठ्य आहे आणि हिब्रूत कंठ्य व्यंजनाचे द्वित्व होत नाही. पिएल, पुअल आणि हितपएल यांची मुख्य खूणच मधल्या व्यंजनाचे द्वित्व ही आहे. म्हणजे ज्या लक्षणावरून पिएल ओळखायचा तेच लक्षण ‘पिएल’ या नावात दिसत नाही. मध्ययुगात मोशे किम्ही यांनी ही अडचण ओळखून प-क-द, म्हणजे ‘दखल घेणे, मोजदाद करणे’, हा धातू तक्त्यांसाठी घेतला. सतराव्या शतकाच्या अखेरीस येना येथील योहान आंद्रेआस डान्त्स यांनी क-त-ल हा धातू रूढ केला आणि तो पुढे जवळजवळ सर्वांनी स्वीकारला. त्याचा अर्थ ‘ठार मारणे’. मराठीतली ‘कत्तल’ याच अरबी नातलगाकडून आली. बायबलमध्ये हा धातू केवळ काव्यात, तोही मोजक्या वेळा आणि फक्त कल बिन्यानात येतो. तक्त्यातली त्याची बाकीची रूपे वैयाकरणांनी घडवली आहेत. पण त्याची तिन्ही व्यंजने धडधाकट आहेत, आणि अरबी व आरामी भाषांतही तो असल्याने तुलनेला सोयीचा आहे. संस्कृत शिकणारा ‘भू’पासून, म्हणजे असण्यापासून, सुरुवात करतो; हिब्रू शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी मारण्याचा तक्ता घोकला. धातू बदलला तरी बिन्यानांची नावे मात्र जुन्या प-अ-लवरूनच राहिली.

दुर्बल क्रियापदांच्या वर्गांवरही त्याच धातूचा शिक्का आहे. धातूचे पहिले व्यंजन न असेल तर त्याला ‘पे-नून’ म्हणायचे, कारण नून हे अक्षर प-अ-लमधल्या पेच्या जागी आहे; मधले व्यंजन वाव असेल तर ‘आयिन-वाव’, शेवटचे हे असेल तर ‘लामेद-हे’. आधुनिक पुस्तकांनी हा सांकेतिक हिशेब सोडून प्रथम-नून, द्वितीय-वाव, तृतीय-हे असे रोमन आकडे वापरायला सुरुवात केली. अरबी व्याकरणाच्या युरोपीय परंपरेने तर क्रियापदांच्या घडणींनाच आकडे दिले, आणि स्पेलिंगचा प्रश्नच निकालात काढला. हिब्रूने तसे केले नाही.

आयिनने आणखी एक घोटाळा केला. घशाच्या खोल भागातून निघणाऱ्या या व्यंजनासाठी ग्रीकमध्ये अक्षर नव्हते, लॅटिनमध्येही नव्हते. म्हणून जुन्या पुस्तकांनी ते सरळ गाळले आणि पिएल चार रोमन अक्षरांचा झाला. इंग्रजी वाचक तो एकाच अवयवात ‘पील’ असा वाचू लागला. उच्चार मात्र ‘पि-एल’ असा दोन अवयवांचा आहे. काटेकोर छापखान्यांनी आयिनसाठी उलटा स्वल्पविराम किंवा वर चढवलेले छोटे सी वापरले, आणि आलेफ या दुसऱ्या कंठ्य व्यंजनासाठी सुलटा. टंकलेखन यंत्रावर आणि पुढे संगणकाच्या कळफलकावर एकच सरळ अपॉस्ट्रॉफी उरली, तेव्हा आलेफ आणि आयिन यांतला फरक पुन्हा मिटला. निफअलमध्ये तिचा फायदा असा की फ आणि अल वेगळे वाचले जातात. ती गाळली की वाचक ‘निफल’ म्हणतो.

पहिल्या बिन्यानाचे नाव या सगळ्यांपेक्षा वेगळ्या जातीचे आहे. ‘कल’ म्हणजे हलका: या घडणीत धातूवर उपसर्गाचा किंवा द्वित्वाचा कोणताच भार नसतो. त्याचे आद्याक्षर कोफ हे घशाजवळ उच्चारले जाणारे क; काफ हे साधे क वेगळे. एकोणिसाव्या शतकातली बरीच इंग्रजी पुस्तके दोन्हींसाठी केच वापरत. गेझेनिउस यांच्या व्याकरणाच्या १९१० सालच्या इंग्रजी आवृत्तीत क्यू आला आणि विद्वानांच्या लेखनात तोच टिकला. क्यूच्या मागे यू नसणे इंग्रजी डोळ्याला खटकते, पण कोफ आणि काफ वेगळे ठेवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

विल्हेल्म गेझेनिउस (१७८६-१८४२) यांचे नाव इथे विशेष घ्यायला हवे. हाले येथील या प्राध्यापकांचे हिब्रू व्याकरण १८१३ साली निघाले आणि त्यांच्या मृत्यूनंतरही संपादक बदलत आवृत्त्या निघत राहिल्या. एमिल काउच यांनी सुधारलेली अठ्ठाविसावी आवृत्ती ए. ई. काउली यांनी इंग्रजीत आणली; तीच ती १९१० ची. इंग्रजी आणि जर्मन जगात पी-एच आणि टी-एच असलेली रूपे पक्की झाली ती प्रामुख्याने या ग्रंथामुळे. याउलट पॉल जुऊं यांच्या १९२३ सालच्या फ्रेंच व्याकरणात एफ आणि साधा टी आहे. ताकामित्सु मुराओका यांनी तो ग्रंथ १९९१ साली इंग्रजीत सुधारून आणला तेव्हा एफ तसाच ठेवला. म्हणून आज एकाच ग्रंथालयातल्या दोन इंग्रजी संदर्भग्रंथांत दोन पद्धती आढळतात.

होफअलच्या बाबतीत स्वरच वेगळा पडतो. प-अ-लच्या साच्यात त्याचा पहिला स्वर ‘ओ’ आहे, पण पाठात अनेक क्रियापदे तिथे ‘उ’ घेतात. आधुनिक हिब्रूने ‘उ’ पसंत केला, म्हणून इस्रायलमध्ये या बिन्यानाचे नाव ‘हुफअल’ आहे. ही केवळ स्पेलिंगची तफावत नाही. दोन्ही उच्चारांना पाठात आधार आहे.

काळांच्या नावांत तर स्पेलिंगबरोबर मतेही बदलत गेली. मध्ययुगीन वैयाकरण ‘आवार’ म्हणजे गेलेला आणि ‘आतीद’ म्हणजे येणारा काळ म्हणत. लॅटिन लेखकांनी त्याचे प्रेतेरितुम आणि फुतुरुम केले. एकोणिसाव्या शतकात हाइन्रिख एवाल्ड यांनी हिब्रूची दोन रूपे काळ नव्हे तर क्रियेची पूर्णता-अपूर्णता दाखवतात अशी मांडणी केली, आणि पर्फेक्ट व इम्पर्फेक्ट ही नावे रूढ झाली. एस. आर. ड्रायव्हर यांच्या १८७४ सालच्या पुस्तकाने ती इंग्रजीत पसरली. पुढे या मांडणीवरही शंका घेतल्या गेल्या. तेव्हा अनेकांनी अर्थाच्या वादात न पडता रूपालाच नाव मानले: कातल, यिक्तोल, वय्यिक्तोल, वेकातल. ही जुनी प-अ-लचीच युक्ती, फक्त धातू बदललेला. आणि लगेच स्पेलिंगचे प्रश्नही परत आले. जर्मन लेखक ‘य’साठी जे लिहितात, इंग्रजी लेखक वाय, काटेकोर मंडळी तेत या अक्षरासाठी टीखाली टिंब देतात, बाकीचे देत नाहीत.

वाव या अक्षराचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. जर्मनमध्ये डब्ल्यूचा उच्चार व्हीसारखा होतो, त्यामुळे जर्मन वाचक डब्ल्यू-ए-डब्ल्यू हे तीन अक्षरी स्पेलिंग पाहून व्हीचा ध्वनीच काढतो. तेच स्पेलिंग इंग्रजीत गेले आणि विद्यार्थी ओठ गोल करून वाचू लागले. योगायोगाने प्राचीन हिब्रूतला उच्चार तसाच होता, म्हणून विद्वानांनी डब्ल्यू सोडला नाही. आधुनिक हिब्रू बोलणारे व्ही लिहितात. श्वा या स्वरचिन्हाचीही तीच कथा. त्याची अनेक रोमन रूपे आहेत, पण जर्मन रूपच ध्वनिशास्त्राने उचलले आणि जगभर वापरले. मराठीत ‘राम’च्या शेवटचा अ लिहिला जातो पण उच्चारला जात नाही, याला भाषाशास्त्रात श्वा-लोप म्हणतात, तो श्वा हिब्रू व्याकरणातला आहे.

ज्यूंच्या आपल्या वाचनपरंपराही एकसारख्या नव्हत्या. मध्य आणि पूर्व युरोपातले अश्केनाझी ज्यू मृदू तचा उच्चार स करत, म्हणून त्यांच्या तोंडी हितपएल ‘हिस्पएल’ होतो. सेफार्दी परंपरेत कठोर-मृदू दोन्ही त एकच. येमेनी ज्यूंनी मृदू तचा जुना उच्चार आणि आयिनही जपले. आधुनिक हिब्रूने सेफार्दी वळण घेतले, त्यामुळे टी-एचचे कारण उरले नाही. इस्रायलच्या हिब्रू भाषा अकादमीने १९५० च्या दशकातल्या लिप्यंतर नियमांत कोफसाठी क्यू ठेवला होता; २००६ च्या नियमांत तो के झाला. पेताह तिकवा या शहराच्या पाट्यांवर दोन्ही पिढ्यांची स्पेलिंगे दिसत आली आहेत.

या विषयाचा मराठीशी थेट संबंध आहे तो कोकणातल्या बेने इस्रायल समाजामुळे. १८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक १८३२ साली काढले. पुढे याच समाजातले जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम केले. मराठीला या कामी काही सोयी आहेत आणि काही अडचणीही. देवनागरीत दोन स्वर शेजारी लिहिता येतात, म्हणून पिएल ‘पील’ होण्याची भीती नाही. पण काफ आणि कोफ दोन्हींना क, तेत आणि ताव दोन्हींना त. आणि फ हे अक्षर ‘फळ’मध्ये एक ध्वनी दाखवते तर ‘फोन’मध्ये दुसरा. पी-एच की एफ हा युरोपातला वाद मराठीत अक्षराच्या पोटातच मिटतो, पण वाचक कोणता फ म्हणेल हे लेखकाच्या हाती राहत नाही.

रोमन पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीचा लिप्यंतराचा तक्ता आधी पाहावा. कोशातले संक्षेप त्याशिवाय उलगडत नाहीत. मराठीत लिहिणाऱ्यांनी निफअल, हिफइल, होफअल अशी आयिनची जागा मोकळी ठेवणारी रूपे वापरावीत, ‘निफाल’, ‘हिफिल’ अशी जोडून टाकलेली नकोत. पहिल्या उल्लेखाबरोबर मूळ हिब्रू अक्षरेही छापावीत, कारण ती सर्व पुस्तकांत सारखीच असतात.